साखरेवर बसलेला बर्फ

यंदा ऊसच नव्हता, त्यामुळे आमच्या साखर कारखान्याचा पट्टा फेब्रुवारी लागता लागता पडला, म्हणजे गाळप संपलं. हंगाम चालू असताना लॅब केमिस्टला रजा कुठली? एरवी मी मार्चअखेरीस गुलमर्गला जाते, तेव्हा बर्फ ओला झालेला असतो. या वेळी भर हिवाळ्यात जायला मिळालं. लातूरहून निघाले तेव्हा दुपारी अंग भाजत होतं.

स्की टूरिंगला लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे केसाळ पट्टी, चिकटवायची. तिचे केस एकाच दिशेला बसवलेले असतात, म्हणून स्की पुढं सरकते पण मागं घसरत नाही. असं चालत वर जायचं, स्किन सोलून काढायची आणि कुणाचीही रेघ नसलेल्या बर्फावरून उतरायचं. त्या उतरण्यासाठी मी वर्षभर पैसे साठवते.

पोचले आणि दोन दिवस वादळ. जवळजवळ ७० सेंटीमीटर बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी आभाळ लख्ख, वारा थांबलेला, आणि अफरवट शिखराखालचा तो उतार समोर. गाइड तंगमर्गचा, मितभाषी. खिलनमर्गच्या वर एका सपाटीवर पाऊल टाकलं आणि पायाखाली 'धप्प' झालं. गोदामात पोत्यांची थप्पी बसते तेव्हा येतो तसा दबका आवाज. गाइड जागीच थांबला. बर्फाच्या आतला कच्चा थर कोसळला की हा आवाज येतो.

त्यानं उताराच्या कडेला, सुरक्षित जागी खड्डा खणला. ३० बाय ३० सेंटीमीटरचा खांब चारी बाजूंनी मोकळा केला आणि वर फावडं उपडं ठेवलं. मनगटातून दहा थापा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा अशी ती तपासणी. तेराव्या थापेला वरचा अख्खा ठोकळा खण ओढावा तसा बाहेर आला.

त्याच्या खालचे दाणे मी हातमोज्यावर घेतले. टोकदार, चकाकते, आमच्या एल ग्रेडच्या, म्हणजे जाड साखरेच्या दाण्याएवढे. मूठ आवळली तरी गोळा होईना. जानेवारी कोरडा गेला होता. बर्फ थोडा, तळ शून्याच्या आसपास उबदार, आणि उघड्या आभाळाखाली वरचा थर गोठलेला. अशा वेळी खालची वाफ वर चढते, दाण्यांवर बसते, दाणे वाढतात आणि एकमेकांपासून सुटतात. कारखान्यात पॅनमध्ये, म्हणजे साखरेचा दाणा पाडायच्या भांड्यात, आम्ही हेच तर मुद्दाम करतो: दाणा वाढवायचा, पण दाण्याला दाणा चिकटू द्यायचा नाही.

समोरचा उतार ३८ अंशांचा होता. कच्च्या थरावरची बर्फाची अख्खी फळी सुटते ती बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच, आणि वादळानंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. मी मनात हिशेब केला. ५० बाय ३० मीटरचा तुकडा, जाडी ७० सेंटीमीटर, घनमीटरला २०० किलो धरले तरी २१० टन. म्हणजे ५० किलोची ४,२०० पोती. गाडलेल्याचा माग देणारा बीकन, बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं आमच्या सगळ्यांकडं होतं, पण गाडलेला माणूस १५ मिनिटांत निघाला नाही तर आशा झपाट्यानं कमी होते. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गलाच लष्कराचे १७ जवान हिमस्खलनात गेले.

आम्ही वळलो. देवदारांमधून, कमी चढाच्या वाटेनं खाली आलो. दुपारी चार पोरं त्याच उतारावरून सुखरूप उतरली. मी खालून पाहत होते. फार जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. तिला बर्फ ठाऊक आहे तो २०१४ च्या गारपिटीतला, ज्वारी झोपवणारा. ती म्हणाली, "ती पोरं गेली की गं खुशाल. मग तुला काय झालं होतं?"

मी थाळ्यात साखर पसरली, वर भाकरी ठेवली आणि थाळा हळूहळू कलता केला. भाकरी जागची हलेना. "कुठून गेलं की फळी सुटंल, ते वरून दिसत नाही, आई. जाड बर्फावरून चौघं जातात, काही होत नाही."

तिनं भाकरी निरखली. मधे जाड, एका कडेला पापुद्रा सुटून पातळ झालेली.

"आन् हितं दाबलं तर?" म्हणत तिनं त्या पातळ कडेवर बोट टेकवलं. अख्खी भाकरी एकदम माझ्या मांडीवर आली.