दुसरा ‘एन’

डिसेंबरचा पहिला रविवार मी दुसऱ्या कुठल्याही कामाला देत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात माझं नावं कोरून द्यायचं दुकान आहे. शाळांच्या ढाली, दारावरच्या पाट्या, निवृत्तीच्या दिवशी द्यायची घड्याळं, कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले असं वर्षभर चालतं. त्या रविवारी सकाळी मात्र मी पितळेच्या पट्ट्या, बारीक स्क्रू आणि ड्रिल घेऊन गावातल्या एल्क्स लॉजवर, म्हणजे ‘एल्क्स’ या बंधुसंस्थेच्या शाखेवर, जातो. सरत्या वर्षात गेलेल्या सदस्यांची नावं तिथल्या स्मृतिफलकावर बसवायची असतात. दुपारी दोनला स्मरणसभा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी देशभरातल्या एल्क्स लॉजमध्ये ही सभा होते.

एल्क हे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं, पण त्याहून थोराड हरीण. त्याचं नाव घेतलेली ही बंधुसंस्था १८६८च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवायचा कायदा होता, म्हणून नाटकातली आणि गाण्याबजावण्यातली मंडळी एकमेकांच्या खोलीवर जमायची. चार्ल्स व्हिव्हियन नावाचा इंग्लंडहून आलेला नट त्यांचा म्होरक्या. १८६७च्या नाताळाच्या तोंडावर त्यांच्यातला एक जण वारला आणि बायकामुलं उघड्यावर पडली. तेव्हा नुसतं जमून भागणार नाही, गेलेल्याच्या घराकडे बघायला हवं, असं ठरलं आणि संस्था उभी राहिली. व्हिव्हियन स्वतः १८८०मध्ये कोलोरॅडोतल्या लेडव्हिल या खाणीच्या गावात न्यूमोनियाने गेला. नऊ वर्षांनी त्याच्या बांधवांनी त्याचे अवशेष तिथून बॉस्टनला आणून पुन्हा दफन केले. मेलेल्या माणसाला हजारो मैलांवरून घरी आणणारी ही संस्था, हे वाचलं तेव्हापासून तिथल्या कामाला मी नुसतं काम समजलो नाही.

खरं तर हे काम माझ्याकडे त्याच्याही आधीपासून आहे. नाशिकच्या भांडीबाजारात अण्णा, म्हणजे माझे वडील, एका दुकानाच्या पायरीशी बसायचे. मागे पाटी होती, ‘भांड्यांवर नावे घालून मिळतील’. पुढ्यात लाकडी ठोकळा, छिन्नी, छोटी हातोडी. तांब्या, ताट, कळशी, पातेलं, जे येईल त्यावर ठिपक्या-ठिपक्यांचं नाव उमटायचं. लग्नसराईत ‘चि. सौ. कां.’ची भांडी, आणि एरवी वर्षभर ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’. देवळाला द्यायची समई असो की वर्षश्राद्धाला वाटायच्या वाट्या, अण्णा गिऱ्हाइकाला कागद-पेन्सिल द्यायचे आणि नाव त्याच्याच हाताने लिहून घ्यायचे. मग अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचून दाखवायचे. वेलांटी पहिली का दुसरी, विचारायचे. “कागदावर चुकलं तर खोडता येतं, पितळेवर खोडता येत नाही,” एवढं त्यांचं म्हणणं. पुढे विजेवरचं पेन आलं, तरी कागद सुटला नाही.

त्या वर्षी नऊ पट्ट्या होत्या. लॉजकडून यादी टाइप होऊन आली, मी ती संगणकावरच्या यंत्रात घातली, नमुना मंजुरीला पाठवला, ‘ठीक आहे’ असं उत्तर आलं. सगळं रीतसर झालं. नऊपैकी एक नाव लॉजच्या माजी प्रमुखाचं होतं. त्यांच्याकडे प्रमुखाला ‘एक्झॉल्टेड रूलर’ म्हणतात, निवडून आलेला, मुदत एक वर्षाची. आजवरच्या सगळ्या प्रमुखांचा वेगळा फलक स्मृतिफलकाच्या शेजारीच आहे. हे सांगतोय, कारण माझी चूक तिथेच आहे.

साडेअकरापर्यंत मी नऊही पट्ट्या बसवल्या. सभागृहात कुणी नव्हतं. मधोमध वेदी, तिच्यावर बायबल, झेंडा आणि एल्कची शिंगं. स्वयंपाकघराच्या बाजूने एक आजी आल्या. ऐंशी उलटून गेलेल्या, हातात कापडाने झाकलेली ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थाची थाळी. थाळी खुर्चीवर ठेवून त्या सरळ फलकापाशी गेल्या, चष्मा वर केला आणि तर्जनीने एका पट्टीवरची अक्षरं मोजायला लागल्या. डावीकडून उजवीकडे. शेवटाला आल्यावर बोट पट्टीच्या कोऱ्या भागावर थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“एक ‘एन’ कमी आहे,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मला राग परवडला असता.

आडनावाच्या शेवटी दोन ‘एन’ हवे होते. मी शेजारच्या फलकाकडे बघितलं. १९७३-७४च्या पुढे तेच नाव, शेवटी दोन ‘एन’, डोळ्यांसमोर. नऊ पट्ट्या ठोकताना माझा खांदा त्या फलकाला घासत होता आणि मी एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं. यादीतच एक होता, मंजुरीही मिळालेली होती. पण हे मी त्यांना बोललो नाही, आणि मनात आलं तेव्हा लाज वाटली. अण्णांचा कागद मी कधी सोडून दिला, ते मला आठवेना.

“हे आयुष्यभर यासाठी भांडले,” आजी म्हणाल्या. सासऱ्यांचे वडील जर्मनीहून आले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन नावाकडे संशयाने बघायचे, तेव्हा कितीतरी घरांनी आडनावं बदलून इंग्रजी वळणाची करून घेतली. त्यांच्याच भाऊबंदांपैकी काहींनी शेवटचा ‘एन’ टाकला. या घराने टाकला नाही. “बँकेच्या पत्रावर एक ‘एन’ असला की हे पत्र परत पाठवायचे.”

“दोनच्या आत पट्टी लागेल,” मी म्हणालो.

दुकान पंधरा मिनिटांवर. संगणकाचं यंत्र दहा मिनिटांत पट्टी देतं, पण शटर उघडून आत गेल्यावर माझे हात मागच्या टेबलाकडे गेले. तिथे जुना पँटोग्राफ, म्हणजे हाताने चालवायचं कोरायचं यंत्र, आहे. आधीच्या मालकांनी दुकान मला दिलं त्यात तो आला. त्या फलकावरच्या जुन्या पट्ट्या सगळ्या त्याच्याच. प्रमुखांच्या फलकावरचं त्यांचं नावही त्यावरच कोरलेलं होतं, अक्षराच्या वळणावरून ते ओळखू येतं. त्याच अक्षरांत हे नाव करायचं असं मी ठरवलं.

पँटोग्राफवर नाव आधी जुळवावं लागतं. पितळेची मोठी अक्षरं एका खाचेत ओळीने बसवायची. एका हाताने टोकदार काडी त्या अक्षरांच्या चरातून फिरवायची, की जोडलेल्या दांड्यांमुळे पलीकडे हिरकणी, म्हणजे हिऱ्याचं टोक, तीच वळणं लहान आकारात पट्टीवर ओढते. मी अक्षरं लावायला घेतली. पेटीत ‘एन’ तीन होते आणि पूर्ण नावात लागत होते चार. म्हणजे आधी सगळं कोरून घ्यायचं, मग तिसरा ‘एन’ उचलून चौथ्याच्या जागी सरकवायचा आणि तेवढं एकच अक्षर पुन्हा ओढायचं. पट्टी या दोन्ही वेळांच्या मध्ये केसभरही हलता कामा नये. हलली तर शेवटचं अक्षर ओळीतून खाली उतरतं, आणि मग ते मागाहून चिकटवल्यासारखं दिसतं.

मी शिकंजा घट्ट केला, हात पुसले. पितळेवर लाखेचा पातळ थर असतो, हिरकणी तो फोडते तेव्हा बारीक कुरकुर ऐकू येते. पहिल्या तीन ‘एन’पर्यंत सगळं सरळ गेलं. मग अक्षर हलवलं, श्वास रोखला आणि चौथा ओढला. वर, तिरकं खाली, वर. त्यावर काळं करायचं रसायन फिरवलं. लाख जिथे फुटली आहे तिथेच ते धरतं, बाकीचं फडक्याने निघून जातं. पुसल्यावर नाव वर आलं, काळंभोर. शेवटचे दोन्ही ‘एन’ एका रेषेत होते. मी कागद घेतला, नाव हाताने लिहिलं आणि पट्टीशेजारी धरून, बोट ठेवून, मोठ्याने वाचलं. दुकानात मी एकटाच होतो.

दीडला परत पोचलो तेव्हा सभागृह भरत होतं. पट्टीचा आकार तोच ठेवला होता, म्हणून जुनीच भोकं चालली. लोक कोट काढून बसत होते आणि मी त्यांच्याकडे पाठ करून स्क्रू पिळत होतो. काम झाल्यावर मागच्या रांगेत उभा राहिलो. एरवी काम संपलं की मी निघतो. नऊ वर्षांत सभा पहिल्यांदाच पाहिली.

पदाधिकारी गळ्यात पदकांच्या माळा घालून आले. प्रमुखाने सेक्रेटरीला गेलेल्यांची नावं पुकारायला सांगितलं. सेक्रेटरी स्वतः पंचाहत्तरीचे. ते एक नाव घ्यायचे आणि थांबायचे. शाळेत हजेरी घेताना गुरुजी नाव घेऊन थांबतात, तसं. उत्तर यायचं नाही. मग समोरच्या नऊ मेणबत्त्यांतली एक विझवली जायची. पुढचं नाव. सगळ्यांना ठाऊक आहे की उत्तर येणार नाही, तरी प्रत्येक वेळी जागा मोकळी ठेवतात. आपल्याकडे पानावर पहिला घास बाजूला काढून ठेवतात, त्याची मला आठवण झाली.

सहावं नाव त्यांचं होतं. सेक्रेटरींनी ते घेतलं आणि मला जाणवलं की उच्चारात दुसरा ‘एन’ ऐकूच येत नाही. एक असो की दोन, कानाला सारखंच. त्या सभागृहात तो फक्त पितळेवर होता. आजी पुढच्या रांगेत ताठ बसल्या होत्या, नजर मेणबत्तीवर नाही, फलकावर.

शेवटी अकरा टोले दिले. घड्याळात अडीच वाजत आले होते. पण एल्क्सच्या रिवाजात अकराचा प्रहर गेलेल्यांचा असतो, रोज रात्री अकराला ते त्यांची आठवण काढतात. प्रमुखाने सगळ्यांना उभं केलं आणि पेला उंचावून ‘गैरहजर सदस्यांना’ असं म्हटलं. मृत म्हणत नाहीत, गैरहजर म्हणतात. मीही हात जोडले. दुसरं काय करतात ते मला माहीत नव्हतं.

नंतर कॉफी आणि त्या पायच्या फोडी. आजींनी मला शेजारी बसवून घेतलं. मी भारतातून आलो हे विचारून झाल्यावर म्हणाल्या, “यांच्या प्रमुखपदाचं वर्ष फार वाईट गेलं.” १९७३पर्यंत एल्क्सचं सदस्य व्हायला माणूस गोरा असावा, असं नियमातच लिहिलेलं होतं. काळ्या अमेरिकनांनी म्हणूनच १८९८मध्ये सिनसिनाटीत एल्क्सची आपली वेगळी संस्था काढली होती. त्या वर्षी तो शब्द काढण्यावरून या सभागृहात भांडणं झाली. आजींचे पती खुर्चीवरून उठून शब्द काढण्याच्या बाजूने बोलले. लहानपणापासूनचे दोन मित्र त्या संध्याकाळनंतर घरी आले नाहीत, कायमचे. “बायकांना तर १९९५पर्यंत सदस्य होता येत नव्हतं. मी तोवर वीस-बावीस वर्षं इथलं स्वयंपाकघर सांभाळलं होतं,” त्या म्हणाल्या, “पण ते निराळं भांडण.”

मी फलकाकडे बघितलं. त्या माणसाला मी कधी भेटलो नव्हतो. जिथे मी ड्रिल घेऊन भिंतीशी उभा होतो, तिथे एकेकाळी माझ्यासारख्याला सदस्य म्हणून बसू द्यावं यासाठी त्यांनी मित्र गमावले होते. आणि त्यांचं नाव मी एक अक्षर कमी करून ठोकलं होतं. मी आजींची माफी मागितली, सकाळी मागितली होती त्यापेक्षा नीट.

“जुनी पट्टी कुठे आहे?” त्यांनी विचारलं. ती माझ्या खिशातच होती. चुकीची पट्टी मी वितळवायच्या डब्यात टाकतो, तशी टाकणार होतो. त्यांनी ती मागून घेतली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. म्हणाल्या, “बँकेची सगळी पत्रं मी जपून ठेवलीयत. त्यात ही.” मग उठून फलकापाशी गेल्या, चष्मा वर केला आणि तर्जनीने नव्या पट्टीवरची अक्षरं मोजली. या वेळी एकदाच.

रात्री नऊला मी नाशिकला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ, अण्णांचा चहा झालेला. सगळं सांगितलं, कागद सोडल्याचंही. अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग पलीकडून ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला.

“थांब, पेन्सिल घेतो,” ते म्हणाले. “आता त्या माणसाचं नाव सांग. सावकाश, एकेक अक्षर.”

मी सांगत गेलो. ते प्रत्येक अक्षर मागून म्हणत गेले.

“शेवटी दोन?”

“दोन.”