लिंकन सोडून स्टीव्हन्सच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'लिंकन सोडून हे थॅडियस स्टीव्हन्स कुठून शोधून काढलेत?' असं मला नेहमी विचारतात. वाट जोतीरावांच्या 'गुलामगिरी'तून गेली. १८७३ च्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना आहे. ते लोक नेमके कोण, हे शोधताना हे वकील भेटले.

जन्म १७९२ चा, व्हरमाँटमधल्या गरीब घरातला. एक पाय जन्मतः वाकडा. पुढे पेनसिल्व्हेनियात, गेटिसबर्गला वकिली.

१८२१ च्या एका खटल्यापाशी मी फार दिवस अडकून पडले. चॅरिटी बटलर ही गुलाम बाई स्वतःची आणि मुलांची सुटका मागत होती. बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला की मुक्त, असा तिथला कायदा. तिचे येऊनजाऊन झालेले मुक्काम जोडले तर सहा महिने भरत होते. स्टीव्हन्स मालकाचे वकील. मुक्काम सलगच हवा, असं ते भांडले आणि जिंकले. चॅरिटी गुलामीतच राहिली. त्यांच्याबद्दल बोलताना मी ही गोष्ट कधी गाळत नाही.

कारण पुढे हाच माणूस पळून आलेल्या गुलामांसाठी कोर्टात उभा राहिला. १८३५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायला निघाला होता, तो त्यांच्या भाषणाने वाचला. १८३८ मध्ये राज्याच्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार काढला. त्यांनी तिच्यावर सही केली नाही. नंतर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गुलामगिरी संपवणारी तेरावी आणि काळ्यांना नागरिकत्व व कायद्यापुढे समानता देणारी चौदावी घटनादुरुस्ती. चौदावी त्यांना हवी होती त्याहून बरीच दुबळी झाली होती. तरी १८६६ मध्ये त्यांनी बाजूने मत दिलं. का, तर मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही, असं ते सभागृहात म्हणाले. हे वाक्य मला फार जवळचं आहे. हवं ते सगळं मिळत नाही म्हणून हातचं सोडायला ते तयार नव्हते.

११ ऑगस्ट १८६८ ला ते गेले. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर गावातल्या इतर दफनभूमींच्या नियमांत काळ्यांना जागा नव्हती, म्हणून सगळ्यांना जागा देणारी एक लहानशी दफनभूमी त्यांनी निवडली. कारणही कबरीवर कोरलेलं आहे: एकांत आवडतो म्हणून मी इथे नाही; निर्मात्यापुढे सगळी माणसं समान, हे जन्मभर सांगितलं, ते मरणातही दाखवावं म्हणून इथे आहे.