बहुभुजी रायफलिंग: कौतुक नेमके कशाचे करावे?

बहुभुजी रायफलिंगचा, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आतून खाचांऐवजी बहुभुजाकृती पीळ देण्याच्या रचनेचा, विषय निघाला की ‘या नळीने नेम अधिक अचूक लागतो’ हेच वाक्य सर्वांत आधी ऐकू येते, आणि माझ्या मते या रचनेविषयी केल्या जाणाऱ्या दाव्यांपैकी सर्वांत लंगडा दावा तोच आहे.

नेहमीच्या नळीत पीळदार खाचा कोरलेल्या असतात. दोन खाचांमधले कंगोरे गोळीच्या अंगात रुतून तिला फिरकी देतात. बहुभुजी नळीचा आडवा छेद घेतला, तर कोपरे गोलावलेला षटकोन किंवा अष्टकोन दिसतो आणि तोच आकार पीळ घेत तोंडापर्यंत जातो. येथे गोळी चिरली जात नाही, ती दाबली जाते.

अचूकतेच्या दाव्याचे मूळ बहुधा ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांच्या षटकोनी नळीच्या रायफलमध्ये असावे. 1857 मधील ब्रिटिश चाचण्यांत तिने सैन्याच्या एनफिल्ड रायफलला लांब पल्ल्यावर सहज मागे टाकले. पण दोन्ही बंदुकांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत: एनफिल्डचा व्यास 0.577 इंच आणि पीळ 78 इंचांत एक फेरा, तर व्हिटवर्थचा व्यास 0.451 इंच आणि पीळ 20 इंचांत एक फेरा. लांब, सडपातळ गोळी आणि तिला स्थिर ठेवणारा घट्ट पीळ, हे त्या यशाचे खरे धनी होत. षटकोन त्यांच्या पंगतीत बसला, इतकेच. व्हिटवर्थची रायफल महाग होती आणि दारूच्या काजळीने लवकर चोंदत असे, म्हणून सैन्याने ती स्वीकारली नाही.

काजळीवरचा उपाय म्हणून इंग्रज अभियंते विल्यम मेटफर्ड यांनी उथळ, गोलसर कडांच्या खाचा पुढे आणल्या आणि 1888 च्या ली-मेटफर्ड रायफलमध्ये त्या सैन्यात पोहोचल्या. काळ्या दारूला त्या मानवल्या, परंतु पाठोपाठ आलेल्या कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूच्या उष्णतेने त्या भराभर झिजू लागल्या आणि 1895 मध्ये पाच खोल खाचांची एनफिल्ड पद्धत आली. ‘गोलसर आकार म्हणजे दीर्घायुषी नळी’ हे समीकरण म्हणूनच मी डोळे झाकून मान्य करत नाही; पोलाद, दारू आणि घडण यांचा हिशेब त्यात धरावाच लागतो.

मग उरते काय? पुष्कळ उरते. गोळी नळीत सर्व बाजूंनी चपखल बसल्यामुळे तिच्या कडेने निसटणारा वायू कमी होतो. वेग किंचित वाढतो, मात्र ही वाढ एकाच जातीच्या दोन नळ्यांमधील फरकाहून फार मोठी नसते. काटकोनी कोपरे नसल्याने ताण एका रेषेत साठत नाही, आणि गोळीच्या आवरणातून उरणारा तांब्याचा थर व काजळी अडकायला जागा न राहिल्याने सफाई सोपी होते. निर्मात्याचाही फायदा असतो: उलट्या आकाराची कठीण सळई आत घालून बाहेरून हातोड्यांनी नळी थंड अवस्थेत ठोकण्याच्या पद्धतीला धारदार कडा नसलेला आकार फार सोयीचा पडतो.

हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीच्या पीएसजी-1 या नेमबाजीच्या रायफललाही बहुभुजी नळी आहे, म्हणजे ही रचना अचूकतेच्या आड येत नाही हे निश्चित. तरीही लक्ष्यभेदाच्या स्पर्धांत बहुतेक नळ्या आजही खाचांच्याच असतात, कारण तेथे निकाल ठरतो तो नळीतील छिद्राच्या एकसारखेपणावर आणि तिच्या तोंडाच्या सफाईदार कडेवर.