८५ टक्के, आणि डक्ट उघडाच

मंगळवारी सकाळी मी पॅड आणि पेन्सिल घेऊन साईट चढतो. वाकडमधली चौदा मजली इमारत, सध्या नवव्या स्लॅबचं सेंट्रिंग चालू आहे. पॅडवर दोन रकाने, बरोबर आणि चूक. सुरक्षेच्या दृष्टीनं जे दिसेल त्याची एक रेघ. खाली आल्यावर बरोबरच्या रेघांना एकूण रेघांनी भागून टक्के काढायचे. ही पद्धत मूळची फिनलंडची, १९९०च्या दशकात तिथल्या बांधकामांसाठी तयार झालेली. कामगारांची काम करण्याची रीत, परांची-शिड्या, यंत्रं, पडण्यापासून बचाव, वीज-उजेड, आवराआवर असे तिचे गट आहेत. नुसते अपघात मोजले तर वर्षभर रजिस्टर कोरं राहू शकतं, आणि तेवढ्यावर सगळे निर्धास्त होतात.

पहिला महिना मी खरं तर हेल्मेटंच मोजली. सोपं काम. त्यात माझं पांढरं हेल्मेट जिन्यात दिसलं की वरून कुणीतरी ओरडतो, ‘साहब आ रहे हैं’, आणि पट्टे हनुवटीखाली जातात. पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या उघड्या डक्टला ते ऐकू येत नाही.

गेल्या मंगळवारी १६० रेघा झाल्या, १३६ बरोबर. ८५ टक्के. प्रोजेक्ट मॅनेजर खूश. मी कागद घेऊन चहाच्या टपरीवर बसलो आणि माणसांच्या रेघा बाजूला काढल्या. त्या १०४, पैकी ९६ बरोबर. उरलेल्या ५६ पैकी बरोबर फक्त ४०, म्हणजे ७१ टक्के. स्लॅबच्या कडा, डक्ट, लिफ्टचे खड्डे या १२ जागांत ५ चूक. हेल्मेटांच्या गर्दीत हे पाच खड्डे बुजून गेले होते, कागदावर. आता गेटजवळच्या फळ्यावर ‘पडण्याच्या जागा’ हा आकडा मी वेगळा लिहितो. मॅनेजरना ते फारसं आवडलेलं नाही.

आमच्या मुकादमांना सगळे मामा म्हणतात. त्यांची तक्रार निराळीच. ‘साहेब, एका फळीपायी अख्खी परांची चूक?’ मी म्हटलं, माणूस त्या एकाच फळीच्या जागेतून खाली जातो. ते गप्प बसले, पण पटलं असेल असं वाटत नाही.

काल सातव्या मजल्यावरचा डक्ट झाकलेला दिसला. वर प्लायवूड. मी पायानं जरा ढकललं, सरकलं. असलं सुटं प्लाय उघड्या डक्टपेक्षा वाईट. कुणाला तरी तुकडा हवा असतो, तो दोन्ही हातांनी उचलून पुढे पाऊल टाकतो, आणि खाली काय आहे ते प्लायनंच झाकलेलं असतं. मामांनी सुताराला हाक मारली. त्यानं खालून रिपा ठोकून प्लाय घट्ट बसवलं, वर लाल रंगानं लिहिलं, ‘नीचे होल है’.

‘आता बरोबर करा की रेघ,’ मामा म्हणाले.

पेन्सिल माझ्या कानावर होती. ती मी तिथंच राहू दिली. ‘मंगळवारी बघू, मामा.’