दोन वर्षांनी हे काम जमेल का?

वय वाढले की कामाचा उरक कमी होतो, यात नवीन काही नाही. पण चोविशीतला, लहानपणी गावच्या तालमीत अंग कमावलेला, आजही पहाटे म्हशींच्या धारा काढून पहिल्या पाळीला वेळेवर हजर होणारा मुलगा ‘हे काम अजून फार दिवस होणार नाही’ असे सहज बोलून जातो, तेव्हा त्याकडे वयाच्या हिशेबाने पाहून चालत नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपचे उत्पादन मी पाहतो. हे वाक्य माझ्या कानावर पूर्वी क्वचित येत असे. हल्ली वारंवार येते, आणि ते बोलणारी मुले आळशी नसतात.

माणसाची काम करण्याची क्षमता मोजण्याचा एक गंभीर प्रयत्न फिनलंडमध्ये झाला. तिथल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात महापालिकांच्या कर्मचाऱ्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि त्यातून ‘वर्क ॲबिलिटी इंडेक्स’ ही प्रश्नावली तयार झाली. युहानी इल्मारिनेन हे त्या कामातले प्रमुख नाव. सात मुद्द्यांवर गुण द्यायचे, बेरीज ७ ते ४९ च्या दरम्यान येते. २७ पर्यंत आली तर क्षमता कमकुवत, ४४ किंवा त्याहून जास्त आली तर उत्तम. आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या काळाच्या तुलनेत आज तुमची ताकद किती, कामाचा शारीरिक आणि मानसिक ताण झेपतो का, डॉक्टरांनी कोणते आजार सांगितले आहेत, वर्षभरात आजारपणाच्या रजा किती झाल्या, असे ते मुद्दे आहेत. त्यांतच एक प्रश्न असा आहे की, तब्येतीचा विचार करता आणखी दोन वर्षांनी तुम्ही हेच काम करू शकाल का?

आपल्याकडच्या कंत्राटी मुलाला ही प्रश्नावली दिली तर काही मुद्द्यांवर तो पैकीच्या पैकी गुण मिळवील. रजा शून्य, कारण रजा घेतली की हजेरी बुडते आणि हजेरी बुडाली की पैसे जातात. आजार शून्य, कारण तपासणीच झालेली नाही. कंबर धरली तर मेडिकलमधून गोळी आणायची आणि पाळी पूर्ण करायची. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के मिळतो खरा, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि मधेच खंड पडला की हा हिशेब विस्कटतो. दोन वर्षांच्या प्रश्नाशी मात्र तो अडखळेल, कारण दोन महिन्यांनी आपण याच गेटमधून आत येणार आहोत की नाही, हेच त्याला सांगता येत नाही.

माझा मुद्दा असा की, माणसाचे शरीर वयाबरोबर मागे पडत जाते तसा त्याचा हात कामावर बसत जातो, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीची बरीचशी भरपाई करते. लेथ चालवणारा पन्नाशीचा टर्नर पंचविशीतल्या पोराइतके ओझे उचलत नाही, पण टूल कुठे घासणार हे त्याला आवाजावरून कळते, म्हणून तो टिकतो. आज आमच्याकडच्या तरुणांच्या बाबतीत शरीर झिजण्याचा वेग वाढला आहे आणि हात बसण्याची प्रक्रिया जवळजवळ थांबली आहे. झीज आहे, भरपाई नाही. याला मुलांची पिढी जबाबदार नसून कामाची मांडणी जबाबदार आहे, असे माझे मत आहे.

शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग बनत होते त्या काळातली माणसे मी पाहिलेली आहेत. लेथवर झाडू मारण्यापासून सुरुवात करायची, मग ड्रिलवर, मग शेपरवर, आणि काही वर्षांनी मिस्त्री स्वतःहून लेथ हाती देणार, अशी ती रीत होती. तिचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही. त्यात शिव्या होत्या, पगार तुटपुंजा होता आणि डोळ्यांना चष्मा ही चैन समजली जात असे. पण माणूस एका जागी राहत होता, म्हणून शिकत होता.

आता सात महिने झाले की ‘ब्रेक’ मिळतो. त्यामागचे गणित सगळ्यांना पाठ आहे: महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा झालेल्या कामगाराला कायम होण्याचा हक्क मिळत आला आहे, म्हणून २४० च्या अलीकडे कुठेतरी त्याला थांबवायचे. महिना-दीड महिन्याने तोच मुलगा दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाने परत येतो, नाहीतर गोकुळ शिरगावला किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत दुसरी कंपनी पाहतो. तिथे त्याची सुरुवात पुन्हा हेल्परपासून होते. असे तीन-चार ब्रेक झालेल्या मुलाची मुलाखत घेताना मी ‘ऑफसेट देता येतो का’ (म्हणजे टूल झिजले की मशीनमधले माप दुरुस्त करता येते का) एवढाच प्रश्न विचारतो, आणि बहुतेक वेळा तो खाली बघतो. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, त्याची वर्षे गेलेली असतात, पण ती सगळी लोडिंग-अनलोडिंगमध्ये, नग चढवण्या-उतरवण्यात. प्रोग्रॅमला कुलूप असते, टूल बदलणे आणि ऑफसेट देणे सेटरकडे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराकडे असते, आणि सात महिन्यांनी जाणाऱ्या मुलाला शिकवण्यात सेटरने वेळ का घालवावा? त्याच्यावरही उत्पादनाचा आकडा बसलेला असतोच.

या लोडिंगमध्ये शरीर किती खर्ची पडते याचा हिशेब कागदावर मांडला की लक्षात येतो. आठ किलोचे कास्टिंग (ओतीव भाग), एका नगाला तीन मिनिटांचा सायकल टाइम आणि बारा तासांची पाळी धरा. जेवण, चहा मिळून तासभर वजा केला तरी दोनशे वीस नग होतात. प्रत्येक नग दोनदा उचलायचा, म्हणजे एका पाळीत साडेतीन टनांहून अधिक लोखंड एका माणसाच्या हातातून जाते, तेही पायाखाली कूलंट (टूल थंड ठेवणारे द्रावण) सांडलेले असताना आणि कंबरेतून वळून. ट्रॉलीची उंची मशीनच्या दाराशी जुळवली तर हे वळणे निम्मे कमी होते. पण ट्रॉली येते फाउंड्रीकडून, म्हणजे कास्टिंग ओतणाऱ्या कारखान्याकडून, आणि तिची उंची त्यांच्या सोयीची असते. हे बदलून घेताना मला जेवढे खेटे घालावे लागले, तेवढे नवीन मशीनच्या मंजुरीसाठीही लागले नव्हते.

फाउंड्रीतली अवस्था याहून कठीण आहे. सुमारे १,४०० अंशांचा लोखंडाचा रस साच्यात ओतणाऱ्यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. पण माझ्या मते तरुणांची खरी हानी फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेला नग घासून साफ करण्याच्या कामात होते. हातातला ग्राइंडर दिवसभर थरथरत असतो, वाळूची बारीक धूळ उडत असते, आणि मास्क लावला तर उकाड्याने जीव कासावीस होतो, म्हणून तो गळ्यात लोंबत असतो. राधानगरीकडच्या एका मुलाला मी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरताना पाहिले. बोटांना मुंग्या येतात, ग्लास गरम आहे की नाही तेच लवकर कळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ‘रात्री जास्त होतं, सकाळी गाडीवर बसलं की क्लच दाबत न्हाई,’ हे त्याने असे सांगितले की जणू गाडीतच काही दोष असावा. कंपनाने हातांच्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना होणारी ही इजा सुरुवातीच्या टप्प्यात थांबवता येते, पुढे ती कायमची होते. वाळूच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या सिलिकोसिसचे तर निदान व्हायलाच वर्षे जातात, आणि तोवर त्या मुलाने किती कंपन्यांचे गेट ओलांडले असेल, याचा माग कोणाला लावता येणार?

तासांबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावर भावनेने जास्त बोलले जाते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तासांची मर्यादा होती, आणि जादा कामाला दुप्पट दर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली, कामगाराच्या लेखी संमतीच्या अटीसह. आता सहा दिवस बारा-बारा तास काम करणाऱ्याचा हिशेब करा: आठवड्याला २४ तास जादा, तेरा आठवड्यांच्या तिमाहीत ३१२. नव्या मर्यादेच्याही हे दुपटीहून अधिक आहे आणि वसाहतीत फिरणाऱ्या कोणालाही ते अपरिचित नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपली मुले ७२ तासांवर आहेत, आणि त्यात पन्हाळा किंवा शाहूवाडीकडून दुचाकीवर येण्याजाण्याचा वेळ धरलेला नाही. तिसरी पाळी संपवून परतताना डोळा लागून झालेले अपघात कारखान्याच्या नोंदवहीत येत नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ओटी (ओव्हरटाइम) बंद केली की पहिला विरोध मुलांकडूनच होतो. ‘साहेब, गाडीचा हप्ता हाय, नुसत्या आठ तासांत काय भागतंय?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसते. मालकही सगळे गब्बर नसतात. मोठा ग्राहक दरवर्षी दर कमी करून मागतो, विजेचे बिल आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता कमी होत नाही, आणि पुढच्या महिन्याचे शेड्यूल कधी निम्म्यावर येईल याचा भरवसा नसतो. तो धक्का खाली झेपवायचा एकच सोपा मार्ग असतो, तो म्हणजे कंत्राटी माणूस. मला हे समजते, पण मान्य नाही. ज्या रिजेक्शनवरून, म्हणजे नापास नगांवरून, ग्राहक आमची कानउघाडणी करतो, त्यातले बरेचसे नवख्या हातांचे असते, आणि हात नवखे आहेत कारण जुने आपणच बाहेर काढले.

आणखी एक झीज आहे, ती मोजता येत नाही. रात्री दहा वाजता मोबाइलवर संदेश येतो: उद्या पहिलीऐवजी दुसरीला ये, किंवा उद्या येऊ नको. या अनिश्चिततेत माणूस झोपही नीट घेत नाही आणि काही शिकायचेही ठरवत नाही. मग काहीजण राजारामपुरीत, ताराबाई पार्कात जेवणाची पार्सले पोहोचवू लागतात. तिथे विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांची वानवा असते, पण तास आपले आपण ठरवता येतात, एवढ्यासाठी कास्टिंग सोडून जाणाऱ्या मुलाला मी वेडा म्हणत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. तरतूद चांगली आहे, मात्र सात महिन्यांनी ज्याला ब्रेक मिळतो त्याचे वर्ष भरणार कधी? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून २०२४ पासून बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन सुरू झाले, पण शिकवणारा माणूस शेजारी उभा नसेल तर प्रशिक्षणार्थी हा स्वस्तातला हेल्परच ठरतो. माझ्या शॉपमध्ये प्रत्येक ऑपरेटरला आठवड्यातून एक तास सेटरबरोबर उभे करण्याची सवलत मी भांडून मिळवली आहे. तेवढ्याने कोणी सेटर होत नाही, पण ‘ऑफसेट देता येतो का’ यावर मान खाली घालावी लागत नाही.

ब्रेकवर जाणाऱ्या मुलांना मी दोन गोष्टी सांगतो. अनुभवाच्या दाखल्यावर नुसते ‘हेल्पर’ लिहून घेऊ नका, कोणते मशीन, त्याचा कोणता कंट्रोल (संगणकीय यंत्रणा) आणि कोणते ऑपरेशन केले ते लिहून मागा. कंत्राटदार कुरकुरतो, पण पाठपुरावा केला तर देतो. आणि प्रत्येक ब्रेकला पीएफ काढून घेऊ नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच ठेवा, कारण पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचे पैसेही काढले की मागची सेवा पुसली जाते. पहिली गोष्ट बरेचजण ऐकतात. दुसरी ऐकणारे फार थोडे, कारण ब्रेकच्या त्या महिना-दीड महिन्यात घर चालवायला पीएफशिवाय त्यांच्याकडे दुसरे काही नसते.