स्वल्पविराम

शाळेत शिकवलं होतं, स्वल्पविराम आला की मनात एक मोजायचं आणि पुढे वाचायचं. मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या तारेवरून बोलतं करणारी डबी, दोन मोजतो. हे मला कळलं तेव्हा मी हॉटेलच्या पलंगावर मांडी घालून बसलो होतो आणि तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरून एका पानाचा फॅक्स काही केल्या जात नव्हता. छापायला निघालेल्या लेखाच्या दुरुस्त्या होत्या, रात्रीच पोचायला हव्या होत्या.

खिशातून फॅक्स पाठवणं ही तेव्हा मिरवायची गोष्ट होती. अ‍ॅपलचा न्यूटन हा हातात धरायचा कॉम्प्युटर १९९३ मध्ये आला, मोडेम जोडला की तोही फॅक्स पाठवायचा. माझं यंत्र निराळं. त्याच्या पाठीला मोडेम, मोडेमच्या पोटात दोन बारीक सेल, आणि हॉटेलच्या फोनची उपसून घेतलेली वायर.

आधी म्हणे डायलटोनच नाही. रिसीव्हर कानाला लावून पाहिला तर टोन होता, पण अडखळणारा. फोनवर कोणी निरोप ठेवला असेल तर काही एक्स्चेंज तसा टोन देतात. मोडेमला तो ओळखू येईना. मग त्याच्या आज्ञांमध्ये ‘एक्स ३’ घातलं, म्हणजे टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर फिरव.

त्याने तो फिरवला, आणि इतका सरळ की बोलायची सोय नाही. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य लागायचं. माणूस शून्य दाबून टोन बदलेपर्यंत थांबतो. याला तर मीच थांबू नकोस म्हणून सांगितलेलं. परगावच्या नंबरातला पहिला आकडा हवेत विरला आणि उरलेल्यांतून त्याच गावातलं कुणाचं तरी घर लागलं. स्पीकरवर एक बाई ‘हॅलो, हॅलो’ करतायत आणि मोडेम त्यांना दर तीन सेकंदांनी ११०० हर्ट्झची अर्धा सेकंद शिट्टी वाजवून दाखवतोय! फॅक्सच्या जगात तो नमस्कार असतो. बाईंचा समज काय झाला असेल, हे मी आजही मनात आणत नाही.

शून्यापुढे एक स्वल्पविराम दिला, मोडेमच्या भाषेत दोन सेकंद थांब. भागेना. दोन दिले, चार सेकंद शांतता, आणि मग पलीकडून लांबलचक सूर आला. इतका गोड आवाज मी फार थोड्या माणसांच्या तोंडून ऐकलाय.

तरी पान अर्ध्यात तुटलं. ओळखपाळख दोन्ही यंत्रं सेकंदाला ३०० बिट अशा म्हाताऱ्या चालीने करतात, तिथे सहसा बिनसत नाही. पुढे पानाला ९६०० ची घाई, आणि लाइनवर खरखर. वेग ४८०० वर आणला, ‘फाइन’ काढून साधा दर्जा ठेवला. माझ्या पडद्याची रुंदी जेमतेम १६० ठिपके आणि फॅक्सच्या एका ओळीत ते १७२८. एवढा पसारा ते पिटुकलं यंत्र ओळीओळीने ओतत राहिलं. सेल टिकले.

पानावर अकरा दुरुस्त्या होत्या. त्यातल्या सात, ‘इथला स्वल्पविराम काढावा’.