जांभळ्या खणाचा तागा

चिपळूणच्या बाजारपेठेत साड्यांच्या दुकानात मी बावीस वर्षं आहे. बाहेरच्याला वाटतं, आमचं काम घड्या मोडायचं. खरं काम नजरेचं. बाई कुठल्या साडीवरून नुसता हात फिरवून पुढे गेली आणि कुठल्या साडीकडे पुन्हा वळली, ते टिपावं लागतं.

एप्रिलमध्ये एक नवरी मुलगी आली, सोबत आई आणि मावशी. मुलगी चांगली सावळी. बसल्या बसल्या मावशीने सांगून टाकलं, "दादा, फिकट रंगच दाखवा. जरा उजळ दिसली पाहिजे." हे मी रोज ऐकतो आणि रोज राग येतो. पांढुरका रंग सावळ्या चेहऱ्याजवळ आला की चेहरा आणखी गडद दिसतो. आमच्या गादीवरची पांढरी चादरही तेच करते.

त्यात दुकानातला उजेड. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा दुकान आतून नव्याने करावं लागलं. मालकांनी मागची खिडकी बुजवून निळसर पांढरे दिवे लावले. माल चकाकतो, पण लाल-पिवळ्यातली ऊब मरते आणि सावळी माणसं राखाडी दिसतात. मी दोनदा बोललो. कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी मी वरच्या फळीवरून धूपछाव रेशमी साडी काढली. ताणा, म्हणजे उभा धागा, हिरवा; बाणा, म्हणजे आडवा, जांभळा. घडी हलली की रंग पालटतो. रेशमाच्या धाग्याचा छेद त्रिकोणी असतो, म्हणून त्याची चमक फुटून, मऊ होऊन येते. पॉलिएस्टरची चमक काचेसारखी डोळ्यांवर येते, आणि ते घाम पीत नाही. मे महिन्यातल्या कोकणातल्या लग्नात त्याचं काय होतं, ते इथल्या बायकांना सांगायला नको.

"वहिनी, जरा उंबऱ्यावर चला," म्हटलं आणि मुलीच्या खांद्यावर पदर टाकला. अकराचं ऊन होतं. आरसा आत राहिला होता, म्हणून तिने मनगट पदरावर ठेवलं आणि बघत राहिली. तिचा रंग तांब्यासारखा तापलेला दिसत होता. आई हळूच म्हणाली, "बरी दिसते गो."

मावशी म्हणाली, "काळ्यावर काळं कशाला?"

मुलीने पदर उतरवला, स्वतःच घडी घातली. पिस्ता रंगाची आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशमाची साडी घेऊन तिघी गेल्या. मी गप्प राहिलो. मालक समोर होते, आणि त्या साडीत आम्हाला जास्त सुटतं. पण ते वाक्य पडलं तेव्हा निदान "वहिनी, तुम्ही चुकताय" एवढं तरी म्हणायला हवं होतं. ते अजून डोक्यातून जात नाही.

चार दिवसांनी मुलगी एकटी आली.

"दादा, त्या जांभळ्यात ब्लाउजचं काही मिळेल?"

मी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण काढला, जांभळा, हिरव्या काठाचा. तिने तागा उचलला आणि मी काही सांगायच्या आत उंबऱ्याकडे गेली. मनगट त्यावर ठेवून बराच वेळ उभी होती. मी कात्री घेऊन थांबलो.